ड्रुसिला क्रेनची पायपेटी

मी एक जुनी पायपेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका, मित्रांनो. माझा भाता फाटलाय, पट्ट्या पिवळ्या पडल्यात, पण ताठा तसाच आहे.

ओहायो नदीकाठच्या एका गावात शिसवी लाकडातून मला घडवलं. नदीवर होडी चालवणाऱ्या जोसाया क्रेनने मला आपल्या लेकीसाठी, ड्रुसिलासाठी घरी आणलं. पुढे एका पुरात जोसाया होडीसकट बुडाला. त्या हिवाळ्यात ड्रुसिलाने मला वाजवत त्याच्यावर गाणं रचलं. भात्यावर तिचे पाय चालत आणि डोळ्यांतून पाणी वाहत असे.

त्या काळी गाणं चार गावांत पोचवायचं तर फिरत्या गायक मंडळीलाच द्यावं लागे. ड्रुसिलाने ते ऑर्लँडो फिस्कच्या मंडळीकडे पाठवलं. वर्षभराने गावातल्या दुकानात छापील प्रती आल्या. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत नाव होतं ऑर्लँडो फिस्कचं! ड्रुसिलाचं नाव कुठेच नव्हतं. माझा नुसता तिळपापड झाला.

मग ती मंडळी आमच्याच गावी आली. त्यांची पेटी वाटेत भिजली होती, म्हणून ते मलाच मागायला आले.

"मुळीच देऊ नकोस हं!" शेजारच्या टटलकाकू म्हणाल्या.

"नेऊ दे की, काकू. पेटीमागोमाग मीही जाणार आहे," ड्रुसिला म्हणाली.

सभागृह खच्चून भरलं होतं. फिस्कच्या वादकाने ते गाणं माझ्यावर असं काही दामटलं की लोक पाय आपटून हसू लागले. गटांगळ्या खाणाऱ्या जोसायाचा त्यांनी विदूषक केला होता. सूर गिळता आले असते तर मी गिळले असते. ड्रुसिला सरळ मंचावर चढली.

"फिस्कसाहेब, हे गाणं कोणाचं?"

"माझं! नाव वाचता येतं ना, बाई? आमच्यात गाणं गाजवतो त्याचंच नाव लागतं."

"बरं. मग गाण्यातला जोसाया कोण?"

"कोणी का असेना! यमक जुळतं, झालं."

"माझा बाप होता तो."

हसू एकदम थांबलं. सभागृहातल्या निम्म्या लोकांना जोसायाने कधी ना कधी नदीपार नेलं होतं.

"ऊठ रे मेल्या," टटलकाकू वादकावर खेकसल्या, "तिला बसू दे!"

ड्रुसिलाने ते गाणं संथपणे, रचलं होतं तसं वाजवलं. सारं गाव तिच्यासोबत गायलं. तसं वाजणं मला पुन्हा कधी जमलं नाही. फिस्क तेवढा पाठ फिरवून उभा होता.

मुखपृष्ठ मात्र बदललं नाही. ड्रुसिलाने पुढे पुष्कळ गाणी रचली, पण फिस्कला एकही दिलं नाही. ती गेल्यावर मी संग्रहालयात आले. इथे माझी निगा चांगली राखतात. शेजारच्या पाटीवर लिहिलंय, 'ऑर्लँडो फिस्क यांच्या अजरामर गाण्याच्या काळातील पेटी'. लोक ते वाचतात आणि तिचंच गाणं गुणगुणत पुढे जातात.

मित्रांनो, मला पुसू नका. बसू दे धूळ. आधी ती पाटी पुसा, आणि तिथे ड्रुसिला क्रेन असं लिहा.