काचेपलीकडचा दयाळ

बिट्टीची नजर कडेकडेने विझत चालली होती. वर्ष सरेपर्यंत जेमतेम उजेड-अंधार कळेल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिच्या बापाने तोंड फिरवलं. आत्या मात्र म्हणाली, "दादा, कान शाबूत आहेत ना पोरीचे?"

आत्याची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखे. आता तीच विद्या तिने भाचीला द्यायची ठरवली, पाखरांवरून. डोळे आहेत तोवर पाखरू बघून घ्यायचं आणि त्याचा आवाज त्याला कायमचा जोडून टाकायचा.

"डोळे मीट. कोण बोलतंय?"

"बुलबुल."

"कशावरून?"

"सारखी लगबग चाललीय. तुझ्यासारखी."

"आगाऊ कुठली!" आत्या म्हणाली, पण तिला बरं वाटलं.

पण पाखरं काही सांगितल्या वेळी बोलत नाहीत, आणि बिट्टीकडे वेळ कमी. म्हणून आत्याने मोबाइलवर दयाळाचं गाणं मिळवलं आणि बंद खिडकीच्या आत, काचेला टेकवून लावलं. बाहेर समोरच्या भिंतीवर विजेच्या मीटरची रिकामी पेटी होती. तिच्यात दयाळाच्या जोडीने घरटं केलं होतं. गाणं सुरू होताच काळापांढरा नर बाणासारखा आला, शेपटी उभारून काचेपाशी गाऊ लागला. बिट्टीला तो अगदी जवळून दिसला.

मग ते रोजचंच झालं. आत्या गाणं लावी, नर हजर. अंड्यांतून पिल्लं निघाली तरी शिकवणी थांबली नाही.

एका सकाळी बिट्टी म्हणाली, "आत्या, बंद कर. हे गाणं नाहीये."

"अगं, रंगात आलाय तो."

"नाही गं, चिडलाय. घसा खरवडल्यासारखा बोलतोय. आणि मागे दुसरं कोणीतरी ओरडतंय."

"ती मादी. तिच्याकडे नको लक्ष देऊस. आधी याचं गाणं पक्कं कर."

"ती घाबरलीय, आत्या!"

आत्याने मान वर केली. पेटीच्या तोंडाशी कावळा होता. मादी एकटीच त्याच्यावर झेपावत होती. नर इथे चोचीने काच बडवत होता. आत दुसरा नर घुसलाय, अशीच त्याची समजूत. आत्याने खिडकी उघडून आरडाओरडा केला, तेव्हा कावळा चोचीत काहीतरी घेऊन उडाला. पेटीतला चिवचिवाट थांबला होता.

मोबाइल अजून गातच होता. बिट्टीने चाचपडत तो बंद केला.

"पिल्लं गेली?"

"गेली."

"त्याला वाटत होतं, कोणीतरी त्याचं घर घ्यायला आलंय?"

"हो गं."

"आणि तुला माहीत होतं?"

आत्याला खोटं बोलता आलं नाही. "तो भांडायला येतो हे माहीत होतं. मला वाटलं, थोडे दिवस चालेल. तुझे डोळे..."

"माझे डोळे तसेही जाणार आहेत," बिट्टी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी आत्या नेहमीच्या वेळी येऊन पलंगाच्या कडेला बसली. बाहेर कुठेतरी तांबट पक्षी ठोके दिल्यासारखा बोलू लागला.

"कोण गं?" तिने हळूच विचारलं.

बिट्टीचे ओठ हलले. तिला ओळखू आलं होतं. पण तिने दोन्ही कानांवर उशी ओढून घेतली.