काचवाल्यांचं पोमेड

काचवाल्यांच्या डोक्यावर दोन भोवरे होते. एक सगळ्यांचा असतो तिथे, आणि दुसरा कपाळाच्या उजव्या कोपऱ्यावर, कुणी न बोलावता येऊन बसलेला. त्या दुसऱ्या भोवऱ्यापायी केसांची एक बट कायम हात वर करून उभी असायची, जणू सगळ्या वर्गात उत्तर एकट्या तिलाच येत होतं! "दोन भोवरे म्हणजे दोन बायका," असं कुणी म्हणालं की त्यांची बायको लगेच म्हणायची, "आणू देत की. निदान भांडी तरी वाटून घेऊ."

बटेचा आजवर कुणालाही त्रास नव्हता. काचवाले चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचे, म्हणून तर सगळे त्यांना काचवाले म्हणायचे, आणि काचांना केसांशी काही देणंघेणं नसतं. पण पुढचा काउंटर सांभाळणारा माणूस काम सोडून गेला आणि मालकांनी त्यांना बोलावलं.

"उद्या एक दिवस तुम्ही उभे राहून बघा. जमलं तर काउंटर तुमचा. नाहीतर मी बाहेरून माणूस आणतो. आणि ते जरा... केसांचं बघा."

काचवाल्यांना काउंटर हवा होता, अगदी मनापासून हवा होता. आयुष्यभर चष्मे बनवले, पण चष्मा लागल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने केस बसवायच्या पोमेडची काळी डबी आणून हातात ठेवली. झाकणावर 'घट्ट पकड' असं छापलेलं होतं.

"बाबा, हे तेल नाहीये हं. वाटाण्याएवढं घ्यायचं, तळहातांवर चोळून मऊ करायचं, मग केसांना लावायचं. टाळूला नाही, केसांना!"

"केस टाळूलाच असतात ना गं?"

"अहो बाबा!"

"बरं बाई. वाटाण्याएवढं. टाळूला नाही."

लेक शाळेचं दप्तर भरायला आत गेली. काचवाल्यांना सांगितलेलं सगळं कळलं होतं. पण डोक्याला कळलं म्हणून हातांना कळतं असं थोडंच आहे? त्या हातांना लहानपणापासून एकच ठाऊक होतं: तेलाने तळहाताचा खळगा भरायचा, टाळूवर थापायचा आणि जिरेपर्यंत चोळायचं. खळगा भरला. थापला. चोळलं, चोळलं, पण जिरायचं नावच नाही. कमी पडलं असेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा खळगा भरला.

लेक बाहेर आली तर डबीचा तळ चकाकत होता.

"बाबा! वाटाणा म्हटलं होतं!"

"मग मी वाटाणाच... किती वाटाणे ते तू कुठे सांगितलंस?"

बट झोपली होती, यात वादच नाही. पण तिच्याबरोबर बाकीचं डोकंही झोपलं होतं. बायकोने बोटाने टिचकी मारून पाहिली, तर टक्क वाजलं. मग नळाखाली डोकं धरलं. अळवाच्या पानावरून जावं तसं पाणी ओघळून गेलं, केस कोरडेच! शाम्पू लावला, त्याचा फेसच होईना.

"हे तेलाने निघतं," लेक मोबाइलमध्ये बघत म्हणाली.

"चिकट काढायला तेल?" बायकोने कपाळावर हात मारला. "उद्या म्हणशील, चिखल धुवायला चिखल."

"मग लावू की नको तेल?" काचवाल्यांनी विचारलं. एक मान हो म्हणाली, एक मान नाही म्हणाली, आणि तेवढ्यात निघायची वेळ झाली.

दुकानात मालकांनी त्यांच्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे गाडी शिकवणाऱ्या एक बाई. आवाज असा, की रस्त्यावरची रिकामी गाडीही घाबरून बाजूला व्हावी. त्यांचा लांबचा चष्मा तयार होता, काचा काचवाल्यांनीच घासलेल्या. जवळचं बारीक वाचायचं असलं की आपला चष्मा डोक्यावर सरकवायचा, ही काचवाल्यांची जुनी सवय. तसा त्यांनी तो सरकवला, पाकिटावरचा नंबर वाचला आणि चष्मा परत नाकावर ओढला. केसांनी तो सहज सोडला नाही, चटक् असा आवाज झाला. समोरच्या बाई जरा धुरकट दिसू लागल्या. गिऱ्हाइकासमोर घाबरल्यावर असंच दिसत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. मागच्या खोलीतल्या माणसाला काय ठाऊक?

मग त्यांनी बाईंचा चष्मा हात लांब करून धरला आणि त्यातून रस्त्यापलीकडची पाटी पाहिली. धुकंच धुकं!

"थांबा बाई. काचेत गडबड आहे. धूसर दिसतंय."

बाईंनी चष्मा घेऊन डोळ्यांना लावला. "मला तर झकास दिसतंय. त्या पाटीवरची खालची बारीक ओळसुद्धा."

"नाही हो. तुम्हाला धूसर बघायची सवय झाली असेल."

"मी गाडी शिकवते, काका! धूसर बघायची सवय असती तर माझे विद्यार्थी भिंतीतून काढावे लागले असते."

काचवाल्यांनी काच पुसली. आपला चष्मा डोक्यावर ढकलून नुसत्या डोळ्यांनी जवळून पाहिली, तर काच निर्मळ! आपला चष्मा खाली ओढून पाहिलं, तर धुकं आणखी दाट. त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी तयार चष्मा काढला. त्यातही धुकं. तिसरा, तोही तसाच. म्हणजे आपला हातच बिघडला? कधीपासून? किती माणसं आपल्या काचांमधून धुकं बघत फिरत असतील?

"मालक," ते कसेबसे म्हणाले, "हा चष्मा द्यायचा नाही. चूक माझी आहे. मी नवीन काचा घासतो."

बाई गर्रकन मालकांकडे वळल्या. "ऐकलंत? विकणारा स्वतः म्हणतोय घेऊ नका! असा माणूस कुठे मिळतो हो आजकाल?"

मालकांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. "म्हणून तर उभं केलंय त्यांना," ते म्हणाले.

काचवाल्यांना घाम फुटला होता. डोळे पुसायला त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि त्यांचं बोट काचेवरून सर्रकन घसरलं. काचेवर पोमेडचा थर होता, त्यात केसांच्या रेघासुद्धा उमटलेल्या.

सगळं एका क्षणात लख्ख कळलं. आणि हेही कळलं, की गप्प बसून चष्मा पुसून टाकला तर काउंटर आपलाच आहे. कौतुक तर झालेलंच आहे. पण मग चांगल्या काचा फेकून द्यायच्या? स्वतःच्या हाताने घासलेल्या?

"बाई," ते म्हणाले, "तुमची काच चांगली आहे. खराब माझी आहे."

बाईंनी त्यांचा चष्मा उजेडात धरला. "हे काय? लोणी?"

"पोमेड. केसांना लावलं होतं. पकड घट्ट राहावी म्हणून."

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना काउंटर धरावा लागला. मालक मात्र हसले नाहीत. ते उठले. त्यांनी काचवाल्यांचा चष्मा घेऊन धुतला, मांडणीवरून एक काळी दोरी काढली, ती काड्यांना अडकवली आणि चष्मा काचवाल्यांच्या गळ्यात घातला.

"डोक्यावर ठेवायचा नाही. इथे लोंबू द्यायचा."

"पण मालक, मागच्या खोलीत ही दोरी मशीनमध्ये अडकेल हो," काचवाले गोंधळून म्हणाले.

"मागे कोण जातंय?"

काचवाले एकदा दोरीकडे, एकदा मालकांकडे बघत राहिले.

"अहो काका, काउंटर तुमचा झाला!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता करा माझं बिल."

काचवाल्यांनी काउंटरखालचा पहिला खण उघडला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. बिल कसं करतात, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.