सफाईदार हात

मिस्त्रींनी मातीचा गोळा उचलला, अंगठ्याने दाबून बघितला आणि आल्या आल्या खोड काढली: माती नीट मळलेली नाही, मधे हवा राहिलीय. वर्ग घेणाऱ्या ताईंनी मुकाट्याने ते कबूल केलं आणि सगळी मातीच त्यांच्याकडे सरकवली. "मग तुम्हीच मळून द्या सगळ्यांना," त्या म्हणाल्या. कित्येक महिन्यांत मिस्त्रींना कुणी काम सांगितलं नव्हतं. त्यांनी बाह्या वर सारल्या.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला ही लांबट खोली होती. मन मिटून गेलेल्या माणसांना डॉक्टर गोळ्यांच्या जोडीने इथे पाठवत. कुणी चित्र काढायचं, कुणी गायचं, कुणी मातीत हात घालायचे. मिस्त्रींना हा सगळा पोरखेळ वाटला होता. उभा जन्म भिंतींना गिलावा करण्यात गेला, आता या वयात मातीची खेळणी करायची? पण बायकोने दंडाला धरून आणलं होतं, आणि नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो कुठून आणायचा?

झालं काय होतं, तर काहीच नाही. हीच तर पंचाईत होती. कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, लेक आपल्या घरी सुखात होती. स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीला गिलावा करायला घेतला आणि अर्ध्यावर थापी खाली ठेवली, ती ठेवलीच. बायको आधी चिडली, मग घाबरली. कुणी काही बोललं का, कुठे दुखतंय का, असं विचारून विचारून बिचारी थकली. तिला काय सांगणार, की चहाचा कप उचलायचा म्हटलं तरी जिवावर येतं? मग ती त्या उघड्या विटांसमोरच स्वयंपाक करू लागली.

तसा मिस्त्रींचा हात भलता सफाईदार. त्यांनी घोटलेल्या भिंतीवरून तळवा फिरवा, कुठे खाच लागायची नाही. ओल्या गिलाव्याला कुणाचं बोट लागलं तर मात्र त्याची खैर नसे. एकदा बायकोनेच चुकून हात टेकला, तर सगळा पट्टा खरवडून त्यांनी नव्याने केला आणि दिवसभर तिच्याशी अबोला धरला.

वर्गात त्यांच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसत. आल्या की हात मांडीवर ठेवायच्या, ते उठेपर्यंत तिथेच. पलीकडचे पोस्टमनकाका नुसती कबुतरं करायचे आणि "ही तरी पत्ता न चुकता पोचतील," म्हणून आपणच हसायचे. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. ताईही घाई करत नसत. मग एके दिवशी, मिस्त्री नळावर हात धूत असताना, बाईंनी गोळा उचलला, मुठीत गच्च आवळला आणि तसाच फळीवर ठेवून दिला. ताईंनी त्यावर ओलं फडकं टाकलं.

पुढच्या खेपेला मिस्त्री लवकर आले. माती मळून झाली तरी वेळ उरला. फळीवर फडक्याखाली एक वेडावाकडा गोळा दिसला. कुणाचं तरी अर्धवट राहिलंय, असं वाटून त्यांनी तो घेतला, पाण्याचा हात लावला आणि तळव्यावर फिरवत बसले. गोळा छान वाटोळा, गुळगुळीत झाला. कितीतरी दिवसांनी हातून काहीतरी पुरं झालं म्हणून त्यांना खरंच बरं वाटलं.

बाई आल्या त्या थेट फळीपाशी गेल्या. आजवर त्या आपणहून कुठे गेल्या नव्हत्या. त्यांनी फडकं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"माझं कुठाय?"

"हे काय, हेच की," मिस्त्री कौतुकाने म्हणाले. "वेडंवाकडं झालं होतं, नीट करून ठेवलंय."

बाईंनी गोळा फिरवून फिरवून बघितला. "त्यात माझी बोटं होती," त्या हळूच म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

ताई रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की बाईंनी इथे केलेली ती पहिलीच गोष्ट होती. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वेळी बाई आल्याच नाहीत. त्या दिवशी घरी मिस्त्रींनी आपणहून तोंड उघडलं. "त्या बाईची बोटं मी पुसून टाकली गं," म्हणाले, आणि रडले. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, उद्या ती आली आणि तुम्हीच तिथे नसलात तर काय उपयोग? त्यानंतर वर्गाला जायला तिला त्यांचा दंड धरावा लागला नाही. दर खेपेला ते एक गोळा मऊसूत मळून बाईंच्या जागेवर ओल्या फडक्यात ठेवत.

बाई आल्या, पण बऱ्याच आठवड्यांनी. मिस्त्रींनी गोळा पुढे केला. "बाई, चुकलं माझं," म्हणाले. बाई आपल्या जागेवर बसल्या. पुष्कळ वेळाने त्यांनी गोळा मुठीत घेऊन आवळला. मिस्त्रींनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"तसा नाही आला," बाई म्हणाल्या.

"नाही येणार," मिस्त्री म्हणाले. "तो गेला, बाई."

बाईंनी मान हलवली. मग स्वतःच उठून त्यांनी नवा गोळा फळीवर ठेवला आणि फडकं टाकलं.

त्या आठवड्यात मिस्त्रींनी घरी सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि थापी हातात घेतली. बोललं तर मोडेल, या भीतीने बायको चकार शब्द काढत नव्हती. भिंत पुरी होत आली तेव्हा ती चहा घेऊन आली, सांडलेल्या मालावरून तिचा पाय सरकला, कप खाली पडला, आणि सावरायला तिने हात टेकला तो नेमका ओल्या गिलाव्यावर.

"अहो, चुकून..." तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मिस्त्री थापी घेऊन जवळ आले. पाचही बोटं स्वच्छ उमटली होती. करंगळी जराशी बाहेर वाकलेली होती. बायकोची करंगळी वाकडी आहे, हे इतक्या वर्षांत त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी थापी बादलीत बुडवून धुतली आणि ठेवून दिली.

"सुकेपर्यंत हात नको लावूस त्याला," ते म्हणाले, आणि वाकून खाली पडलेला कप उचलला.