ताटलीतली युद्धनौका

हेडविग क्रॉझनिकचा हात इतका सफाईदार, की बर्लिनच्या बड्या बायका तिच्याकडूनच फोटोतल्या सुरकुत्या पुसून घेत. पोट त्यावर चालायचं, पण जीव होता कामगारांच्या पक्षाच्या पोस्टरांत.

सरकारनं शाळेतलं जेवण बंद करून युद्धनौका बांधायला घेतली होती. हेडविगनं आपल्या चाळीतल्याच एका पोरीच्या फोटोवर, तिच्या पुढ्यातल्या सूपच्या ताटलीत, ती नौका कापून आणून चिकटवली. चारला पोस्टर छपाईला जायचं होतं. नाही जमलं तर नेहमीची आवळलेली मूठ छापणार, असं छापखान्याच्या ग्योर्लाखनं बजावलेलं.

"मुठी बघून लोक जांभया देतात," ती म्हणाली होती.

"मग तू पोस्टरपुढं थांबवून दाखव त्यांना."

दोन वाजता तिनं नमुना अंगणातल्या भिंतीला टांगला. खालच्या मजल्यावरच्या पीचबाई बादली ठेवून बघत राहिल्या.

"गोड आहे गं! सूपच्या पाकिटात ही बोट फुकट मिळते का? कुठल्या दुकानात?"

हेडविगनं नमुना पुन्हा निरखला. जित्याची खोड! पोरीच्या डोळ्यांखालचे खड्डे तिनं भरले होते, फुटलेले ओठ नीट केले होते, नौकेच्या कडांवर ब्रशनं सूपची छान वाफ रंगवली होती. भूकच पुसून टाकली होती मेलीनं.

ती धावत वर गेली. पोरीच्या फोटोची नवी प्रत जशीच्या तशी काढली, ब्रशला हातही लावला नाही. नौका दुप्पट मोठी केली, तोफ थेट पोरीच्या ओठांपर्यंत आली. कडा कात्रीनं कापल्या तशाच धारदार ठेवल्या.

चारला पाच कमी असताना ग्योर्लाखनं नाक मुरडलं. "जोड दिसतोय."

"दिसू दे. ती नौका तिथली नाहीच, हेच तर सांगायचंय."

त्यानं पोस्टर हातभर लांब धरून पाहिलं. मग आत वळून म्हणाला, "ती मूठ उतरवा यंत्रावरून."

शनिवारी वेडिंग या कामगार वस्तीच्या नाक्यावर पोस्टरपुढं ही गर्दी. एक टोपीवाले गृहस्थ फणकारले, "धादांत खोटं! ताटलीत कधी युद्धनौका मावते का?"

"मावते की साहेब," गर्दीतून पीचबाई म्हणाल्या. "आमच्या पोरांच्या ताटलीत तर दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागं उभ्या हेडविगच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी वाहिलं, आणि ते तिनं पुसलं नाही.