टाचेची धार

अर्दलाननं मिठाईचा खोका टपरीच्या लाकडी फळीवर ठेवला. गुलनारनं तो दोन बोटांनी हळूच त्याच्याकडे परत सरकवला.

“कशाला त्रास घेतलात, उस्ताद?”

“त्रास कसला? तुमच्या आईसाठी आणलाय.”

“आईला गोड चालत नाही. मेव्हणीबाईंना न्या. हात कसा आहे त्यांचा?”

“ठीक आहे म्हणते. मनगटच तर मोडलंय, आणि तेही डावं, असं मलाच समजावते.”

गुलनारनं पातेल्यातली आश, डाळ-भाजीचं दाट सूप, ढवळली आणि वाडगा भरून त्याच्यापुढे ठेवला. तिच्या अंगात आईचा जुना राखाडी स्वेटर होता. लाल कोट डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खोलीत खिळ्याला टांगला होता. खोलीला काच होती, त्यामुळे रांगेत उभ्या प्रत्येकाला तो दिसत होता. कबूददरेच्या डोंगरावर लाल कोट म्हणजे शिकवण्याची परवानगी. गुलनारचा कोट गेल्या शुक्रवारपासून तिथे होता, आणि तो तिथे गेला होता अर्दलानमुळे.

अर्दलान तेहरानचा. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचा. चौकाचौकात त्याच्या क्लासचे फलक होते आणि फलकावर हात उंचावलेला तोच. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याला स्नोबोर्डचं वेड लागलं आणि यंदा भर थंडीत दर शुक्रवारी तो गुलनारकडे शिकायला येऊ लागला. पायाखालची फळी धारेवर कशी वळते, उतार वाढला की वेग किती वाढतो, हे त्याला कागदावर सगळं ठाऊक होतं. गुलनारला बोलायला तो फारशी उसंत देत नसे. ती म्हणे, “वा, उस्ताद.” चौथ्या शुक्रवारी ती म्हणाली, “आता तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नाही.”

हा तारोफ होता. या मुलखात दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला ‘दुकान तुमचंच आहे’ म्हणतो, म्हणून काही कुणी दुकान उचलून नेत नाही. दोन माणसं दाराशी आली की ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत थंडीत कुडकुडतात, पण आत कुणी जायचं ते दोघांनाही माहीत असतं. अर्दलानचा सगळा जन्म यातच गेला होता. तरी गुलनारचं ते वाक्य त्यानं प्रमाणपत्रासारखं घरी नेलं. बायकोला सांगितलं, मेव्हणीला सांगितलं. शहाण्यासुरत्या माणसानं असं का करावं? त्याला ते खरं हवं होतं, दुसरं काय?

मग पुढच्या शुक्रवारी तो मेव्हणीला, नौशीनला, वरच्या उतारावर घेऊन गेला. ती त्याच्याहूनही नवखी. ‘मी आहे ना,’ असं तो म्हणाला होता. उतार एकदम खाली कोसळला तसे त्याचे गुडघे ताठरले, तो मागे झुकला, आणि मागे झुकलेल्या माणसाच्या ताब्यात फळी राहत नाही. तो आडवा घसरत नौशीनच्या पायांवर आदळला.

खाली उताराचा प्रमुख यदुल्ला उभा होता. त्यानं विचारलं, “वर जायला कुणी सांगितलं?”

नौशीनला घेऊन आलेल्या घसरगाडीजवळच गुलनार होती. अर्दलाननं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “गुलनार खानमनं. शिकवण्यासारखं काही उरलं नाही म्हणाल्या.”

‘ती नुसती बोलायची रीत होती,’ एवढं म्हणून तिला सुटता आलं असतं. पण मग चारचौघांत उस्ताद मूर्ख ठरला असता. ती म्हणाली, “हो, म्हणाले होते.” यदुल्लानं हात पुढे केला आणि तिनं कोट काढून दिला. अर्दलाननं हे सगळं पाहिलं आणि तो एक शब्द बोलला नाही.

आठवडाभर त्याला ते गप्प राहणं आठवत राहिलं. वर्गात फळ्यावर उतरणीची आकृती काढताना त्याचा हात मध्येच थांबला. “समजलं?” त्यानं सवयीनं विचारलं. “हो, उस्ताद,” साठ मुलं एका सुरात म्हणाली. त्यानं आकृती पुसून टाकली.

आता त्यानं आशचा वाडगा बाजूला सारला. “गुलनार खानम, मी यदुल्ला आगांना खरं काय ते सांगतो.”

“राहू द्या हो. तुमचं काही चुकलं नाही.”

“चुकलं.”

“इतकं मनावर घेऊ नका.”

तिचा प्रत्येक शब्द मऊ होता आणि त्यातून पलीकडे जायला वाट नव्हती. तो तसाच उठला आणि लिफ्टच्या खोलीत गेला.

यदुल्ला दातांत साखरेचा खडा धरून चहा पीत होता. अर्दलाननं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तारोफ होता, मला कळायला हवं होतं, आणि त्या दिवशी मी तिच्यावर ढकलून मोकळा झालो.

“मला काय ते कळलं नव्हतं, उस्ताद?” यदुल्ला म्हणाला. “मीही इथलाच. माझ्या घरी या, मीही म्हणेन घर तुमचंच. पण बर्फाला तारोफ कळत नाही. लाल कोटवाल्यानं जा म्हटलं की माणूस जातो आणि पडतो.”

“मग शिक्षा मला करा.”

“तुम्ही पाहुणे. पाहुण्याला कसली शिक्षा?” त्यानं पेला खाली ठेवला. “तिनं तुम्हाला अर्धवट शिकवून सोडलं. आता पुरं शिकवू दे. ज्या दिवशी तुम्ही वरचा उतार बर्फ न खरवडता उतराल, त्या दिवशी कोट तिचा. पण हंगाम संपायच्या आत. पुढच्या वर्षीची यादी मी तेव्हाच करतो.”

हंगामाचे तीन शुक्रवार उरले होते.

बाहेर येऊन त्यानं गुलनारला अट सांगितली. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग तिनं हात पुसले.

“तारोफ सोडून बोलू?”

“बोला.”

“तुम्ही वळत नाही, उस्ताद. मागचा पाय केरसुणीसारखा फिरवता. उतार आला की मागे बसता, कुणी खुर्ची ठेवल्यासारखे. आणि बघता पायांकडे, जायचंय तिकडे नाही.”

“हे कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

अर्दलानचे कान तापले. “पहिल्या दिवशी तुम्ही ‘वा उस्ताद’ म्हणाला होता.”

“तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे.” तिनं मान खाली घातली. “आणि ऐकूनच घ्यायचा नाहीत. मग मीही सांगायचं सोडून दिलं. तेवढं माझं चुकलंच.”

त्या दिवसापासून तिनं त्याला फाडून खायचंच बाकी ठेवलं. कोटाशिवाय ती पैसे घेत नव्हती, त्यामुळे तोंडही आवरत नव्हती. “वाईट. पुन्हा.” लिफ्टच्या खुर्च्यांवरून जाणारी माणसं खाली वाकून बघायची आणि त्यातल्या काहींची मुलं त्याच्या क्लासला होती. तो फळी काखेत मारून पुन्हा वर चालायचा. “गुडघे वाकवा, कंबर नको. धार हळूहळू कलती करा. वळण अर्ध्यात सोडू नका, फळी उताराला आडवी होईस्तोवर वळत राहा, वेग आपोआप मोडतो. उस्ताद, मला कारण सांगू नका. वळून दाखवा.”

तो कारण सांगायचं थांबला. हे त्याला उतारापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या शुक्रवारी पंजाच्या, म्हणजे पायाच्या बोटांकडच्या, धारेवरचं वळण जमलं. फळीचं टोक सरळ खाली वळलं तेव्हाचा जीव खालीवर करणारा क्षण आला, आणि तो त्यात मागे न झुकता पुढे झुकला. धार रुतली. मागे वळून पाहिलं तर बर्फावर बोटभर रुंदीची एकच रेघ होती. पण टाचेच्या धारेवर उताराकडे पाठ नसते, सगळी दरी डोळ्यांपुढे असते. तिथे त्याचे पाय ताठ व्हायचे, फळी खडखडायची आणि मागे दाराएवढा पट्टा खरवडला जायचा.

शेवटच्या शुक्रवारी सकाळी ती त्याला वरच्या उतारावर घेऊन गेली. गर्दी व्हायच्या आत त्यानं सहा वळणं घेतली, तीन रेघा आणि तीन पट्टे. 

दुपारी यदुल्ला लाल कोट हातावर टाकून खोलीबाहेर आला. रांगेतली माणसं थांबली. नौशीन प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून मुद्दाम आली होती.

“सकाळी मी पाहिलं,” रांगेतून कुणीतरी म्हणालं. “काय सुरेख आले उस्ताद.”

“त्यांना काय अवघड आहे?” नौशीन म्हणाली.

यदुल्लालाही हे प्रकरण एकदाचं मिटवायचं होतं असं दिसलं. त्यानं कोट झटकला. “पोरी, वर पाठवू ना यांना? तयार आहेत ना?”

गुलनारनं अर्दलानकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर फलकावरचं ते जुनं हसू आपोआप आलं होतं. तिनं हो म्हणावं असं त्याला आतून, कळवळून वाटत होतं. तिच्या कोटासाठीच, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण ते कोटासाठी नव्हतं. एवढं होऊनसुद्धा त्याला पुन्हा तेच वाक्य ऐकायचं होतं, आणि हे कळलं तेव्हा त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हसू तिथेच विरलं.

“नाहीत,” गुलनार म्हणाली.

रांगेतल्यांनी माना वळवल्या.

“पंजाची वळणं येतात. टाचेची अजून खरवडतात. आता वर पाठवले तर आज पुन्हा कुणाला तरी पाडतील.”

नौशीनची नजर आपल्या प्लॅस्टरकडे गेली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. अर्दलानच्या कानांपासून मानेपर्यंत आग झाली. विसाव्या वर्षापासून त्याला चारचौघांत असं तोंडावर कुणी नाही म्हटलं नव्हतं. यदुल्ला त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“बरोबर आहे,” अर्दलान म्हणाला. मग रांगेला ऐकू जाईल असं त्यानं पुन्हा एकदा म्हटलं. “बरोबर बोलतात त्या.”

यदुल्ला पुढे आला. मग त्यानं कोटाची कॉलर दोन्ही हातांत धरली आणि कोट गुलनारच्या पाठीमागे उघडून धरला. तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं राखाडी स्वेटरवरूनच एक हात बाहीत घातला, मग दुसरा.

“यादी उद्या करतो,” यदुल्ला म्हणाला आणि चहा प्यायला आत गेला.

गुलनारनं कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. “खालच्या उतारावर, उस्ताद. टाचेची वीस वळणं. चला.”

तो एक पाय फळीत अडकवून तिच्यामागे खुरडत लिफ्टपाशी गेला. खुर्ची वळून समोर आली, तसा त्यानं जन्माच्या सवयीनं छातीवर हात ठेवला आणि थोडा मागे सरला.

“आधी तुम्ही,” तो म्हणाला.

ती केव्हाच बसली होती. खुर्ची वर निघालीसुद्धा, आणि त्याला पुढची पकडायला धडपडावं लागलं.