सल्लागार बाईंसमोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडी, हातांची आणि स्वभावाने जरा भोचक. एका सुताराने मला घडवलं आणि मी थेट आले ती एका आर्थिक सल्लागार बाईंच्या टेबलासमोर. लोक माझ्यावर बसतात आणि घरात जे बोलत नाहीत ते इथे बोलतात. मुलांची शिक्षणं, आजारपण, म्हातारपण, सगळं मी ऐकलंय. नवी होते तेव्हा माझं कोण कौतुक! आता पाठीवर धूळ साचते, पण फडकं काही फिरत नाही. असो.

गेल्या वर्षी गणिताच्या एक शिक्षिका शाळा सोडून बाईंकडे हे काम शिकायला आल्या. आकडेमोडीत एकदम तरबेज, पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत यांचं उत्तर तयार! पहिल्या भेटीत कॅल्क्युलेटर खणात ठेवायचा, असा बाईंचा नियम होता. त्याचा काय उपयोग? या सगळं तोंडीच करायच्या. शेवटी बाईंनी बजावलं, "आज एक जोडपं येतंय. ही भेट जमली तर पुढची माणसं तुम्ही सांभाळा. नाहीतर तुम्ही शाळेतच बऱ्या." शिक्षिकेचं तोंड एवढंसं झालं. परतीचे दोर त्यांनी कधीच कापले होते.

जोडपं आलं. नवरा शिंपी. त्याची बायको माझ्यावर बसली, अगदी कडेला.

"साठीला दुकान बंद करायचं म्हणतोय," शिंपीदादा म्हणाले. "जमेल ना?"

झालं! शिक्षिकेने घरखर्च विचारला, महागाई धरली आणि पाच मिनिटांत दरमहा किती बाजूला टाकायचे ते लिहून दिलं. दादा खूश. सल्लागार बाई मात्र खिडकीबाहेर बघत बसल्या. इकडे वहिनींनी माझा हात घट्ट आवळून धरला होता. मला काही बोलता येईना, मित्रांनो. मी जोरात करकरले.

शिक्षिकेने वर पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"वहिनी, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमच्या मनात काय आहे?"

आणि ओठ मिटून त्या थांबल्या. चांगल्या मिनिटभर! मी तर बघतच राहिले.

"यांना थांबायचंय तर थांबू दे," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी अजून पन्नाशीचीही नाही. वीस वर्षं कापड मीच बेततेय. दुकान मला चालवायचंय."

"मग हे मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

दादा आधी गोरेमोरे झाले, मग हसायलाच लागले. शिक्षिकेने तो कागद टराटरा फाडला आणि नव्या कागदावर पहिलं नाव वहिनींचं लिहिलं.

जोडपं गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून तुम्ही एकट्या बसा." शिक्षिका माझ्यावर येऊन बसल्या आणि खुशाल रडल्या. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, खुर्ची फरफटत नेऊ नका, उचलून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी कडेला गप्प बसलेलं असेल, तर त्याला आधी विचारा. विचारून झालं की थोडं थांबा.