अडीचच्या आत

सोमारीबाईने पिशवीतून वजनकाटा काढला आणि तो थेट मोनालीच्या की-बोर्डवरच ठेवला. पडद्यावर एकाच अक्षराची रांग धावत सुटली.

"घे. मोजून पाह्य. काटा खोटा हाय का मी खोटी हावो."

मोनालीने घाईने की-बोर्ड खालून ओढून घेतला. सोमारीबाई कोसमटोल्याच्या अंगणवाडीची सेविका. सकाळच्या एसटीने तालुक्याला आलेली, पदर अजून कमरेलाच खोचलेला. मोनाली या बालविकास कार्यालयात कंत्राटावर होती. गावोगावच्या नव्या बाळांची जन्माची वजनं महिन्याच्या तक्त्यात भरायची, हे तिचं काम.

"झालं काय, बाई?"

"दुर्गाच्या घरी नर्सबाई नाई आली. अडीच किलोच्या आतल्या पोराईच्या घरी दर हप्त्याले येते ना? दुर्गाची लेक दोन किलो चारशे साठ भरली. मी सोता लिवलं. थंडीचे दिवस, पोरगी दूध ओढून नाई राह्यली. यादीत नाव काऊन नाई तिचं?"

मोनालीने चहाच्या कपाटातून साखरेचा एक किलोचा न फोडलेला पुडा आणला आणि काट्यावर ठेवला. १.००५.

"पाच ग्राम पन्नीचे," पुड्याच्या प्लास्टिकला टिचकी मारत सोमारीबाई म्हणाली.

मोनालीने मागच्या महिन्याचा तक्ता उघडला. कोसमटोला, दुर्गा, मुलगी. वजनाच्या चौकटीत २.५. तिने त्या चौकटीवर क्लिक केलं. पडद्याच्या वरच्या पट्टीत आकडा उमटला, २.४६.

सोमारीबाई चष्मा सावरत पुढे वाकली.

"खाली एक न वरती एक, असं काऊन?"

"आतमधी खरंच हाय बाई. दिसायले पॉइंटनंतर एकच घर ठेवलं हाय. मंग थो गोल अडीच करून दाखवते."

"म्हंजे याले मालूम हाय?"

"हाय."

"अन् सांगत नाई?"

"सांगू नको म्हटलं हाय त्याले."

कोणी म्हटलं, ते सोमारीबाईने विचारलं नाही. मोनालीने काट्यावरचा पुडा उगाच सरळ केला. दोन-तीन महिन्यांपूर्वी कार्यालयप्रमुख प्रफुल सर याच टेबलाशी उभे राहून म्हणाले होते, हा कॉलम हाय का बाजार? कोणी किलोत लिवते, कोणी ग्राममधी, कोणाले एक आकडा, कोणाले तीन. एकसारखं कर. आणि तिने केलं होतं, दोन मिनिटांत. सरांनी "शाब्बास" म्हटलं होतं. नर्सबाईंची यादी मग तक्त्याच्या छापील कागदावरूनच, अडीचच्या आतल्यांना पेन्सिलीने खुणा करून निघत होती.

"मी पाह्यतो, बाई," ती म्हणाली.

"पाह्य. तूही लेकुरवाळी हायेस." सोमारीबाईने काटा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, एखादं बाळ गुंडाळावं तसा.

ती गेल्यावर मोनालीने पर्समधून आपल्या लेकीचं लसीकरणाचं कार्ड काढलं. घड्यांवर फाटत आलेलं. जन्माचं वजन, २.५. दीड वर्ष ती सगळ्यांना सांगत आली होती, माझी भरली बरोबर अडीच. तिने त्या आकड्यावरून नख फिरवलं. कार्डाला वरची पट्टी नव्हती.

मग ती कामाला लागली. या महिन्याच्या तक्त्यात दुर्गाच्या लेकीसारखी मागची बाळंही होतीच; त्यात तिने नियम घातला. अडीचच्या आतला आकडा पूर्ण दिसेल, पॉइंटनंतर तीन घरं. बाकीचे राहतील एकाच घराचे. छापलेल्या कागदावर काही आकडे रांगेतून बाहेर आले. तिने बोट ठेवून मोजले. चौदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल सरांनी कागद हातभर लांब धरला.

"हे काय व? दात पडल्यावाणी दिसते कॉलम."

"अडीचच्या आतले पूर्ण दाखवले, सर. म्हंजे कोणी सुटत नाई."

"मागच्या महिन्यात नऊ, आता चौदा. आज चंद्रपूरले मीटिंग हाय. साहेब विचारतीन, एका महिन्यात पाच वाढले कसे? काय सांगू?"

"वाढले नाई, सर. मागच्या खेपेलेही होते. आपल्याले दिसले नाई."

सरांनी ड्रॉवर ओढला. आतल्या कागदावर मोनालीचं नाव होतं, मुदतवाढीचा प्रस्ताव. तो त्यांनी बाहेर काढला नाही, फक्त दिसू दिला.

"यावर माह्यी सही बाकी हाय. मालूम हाय ना? एकसारखं कर. पॉइंटनंतरची कटकटच नको मले."

"पॉइंटच नको, सर?"

"नको."

"नक्की?"

"किती खेप सांगू?"

मोनाली वळली. पाठीमागे ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज आला. खुर्चीत बसल्यावर तिने एकदा तळहात पदराला पुसले.

दहा मिनिटांनी तिने नवा कागद टेबलावर ठेवला. एकही आकडा इकडे नाही, तिकडे नाही. दोरी लावून केलेल्या धानाच्या रोवणीसारखा कॉलम उभा होता.

"हां! याले म्हणते रिपोर्ट," म्हणत सरांनी पेनाचं टोपण काढलं. आणि ते टोपण हवेतच राहिलं.

२८१०. २६००. २४६०. ३०५०. २४९०. वर लिहिलं होतं, वजन ग्रॅममध्ये. टोपण हळूहळू रांगेतून खाली उतरत गेलं. सरांचे ओठ हलत होते. चौदाला थांबले.

"पॉइंट नाई, सर," मोनाली म्हणाली. "सगळे एकसारखे."

बाहेर गाडीने हॉर्न दिला. सरांनी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लय शहानी झालीस तू."

ती उभीच राहिली.

"तुह्या मुदतवाढीचं सोमवारी पाहू. नाईतर त्याच्या पुढच्या सोमवारी."

"पाहाजा, सर." तिने कागदाच्या तळाशी बोट टेकवलं. "तवरक इथी सही."

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. सरांनी सही केली, इतकी दाबून की खालच्या दुसऱ्या प्रतीवरही उमटली. ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वरचा कागद घेऊन निघून गेले.

मोनालीने ती खालची प्रत नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली. मग फोन लावला. पलीकडे पोरं मोठ्याने अंक म्हणत होती.

"सोमारीबाई, दुर्गाच्या लेकीचं नाव आलं. नर्सबाई बुधवारी येईन."

"किती लिवलं आता?"

"दोन हजार चारशे साठ."

सोमारीबाई खदखदून हसली.

"अवं माय! एवढी मोठी झाली का थे?"